करिअर मार्गदर्शन: संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीला ओव्हरडोसचे मृत्यू रोखायचे आहेत

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी संख्याशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका खासगी बँकेत अ‍ॅनालिस्टची नोकरी जवळजवळ नक्की झाली आहे. मात्र चाळीतला एक मुलगा गर्दच्या व्यसनातून सुटून केंद्रातून घरी आला आणि थोड्याच दिवसांत गेला. तेव्हापासून मुलगी म्हणते, मला याच विषयातल्या आकडेवारीवर काम करायचं आहे. आई विचारतात, असं करिअर असतं का, डॉक्टर नसताना ते जमेल का, बँकेची नोकरी सोडायची का, आणि पोरीला व्यसनी लोकांत वावरावं लागेल का.

ताई, तुमची मुलगी तुम्हाला विचारते, 'तो तर बरा झाला होता, मग गेला कसा?' तिच्या करिअरचा विचार याच प्रश्नापासून सुरू करू या.

गर्द, ब्राऊन शुगर असे अफूच्या जातीचे पदार्थ रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा सोसायची सवय लागते. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की ही सवय उतरते. मग एखाद्या कमकुवत क्षणी त्याने जुन्या अंदाजाने तेवढीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत जातो आणि थांबतो. तुमच्या शेजारच्या मुलाचं नेमकं असंच झालं का, हे मला इथून सांगता येणार नाही. हा धोका डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. तो केवढा मोठा आहे आणि कुठे दबा धरून बसलेला असतो, हे मात्र नोंदी एकमेकींना जोडल्यावर दिसलं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2015 मध्ये त्यासाठी खास कायदा केला. मृत्यूचे दाखले, औषधांची प्रिस्क्रिप्शन्स, रुग्णालयं, अँब्युलन्स, तुरुंग, अशा वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी माणसांची ओळख झाकून एकत्र केल्या. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या माणसाला ओव्हरडोसने मरण येण्याचा धोका इतरांच्या पन्नास पटींहून जास्त निघाला. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्याने 2016 मध्ये तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी, नशेची ओढ आवरणारी औषधं सुरू केली आणि सुटल्यावरही उपचार चालू राहतील अशी सोय केली. 2016 च्या पहिल्या सहा महिन्यांत ओव्हरडोसने मेलेल्यांपैकी 26 जण नुकते तुरुंगातून सुटलेले होते. पुढच्या वर्षी त्याच सहा महिन्यांत असे 9 होते. आकडा लहान आहे, पण प्रत्येक एककामागे एक घर आहे. तुमच्या मुलीला जे करायचं आहे, ते हेच काम. त्या कामाची माणसं बरीचशी संख्याशास्त्रज्ञ असतात. स्टेथोस्कोप हातात लागत नाही.

आता आपल्याकडचं पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 77 लाख आहेत. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत 2019 ते 2022 या काळात ओव्हरडोसचे मृत्यू दर वर्षी हजाराच्याही आत दिसतात. हे दोन आकडे मुलीसमोर शेजारीशेजारी ठेवा. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे, तिला लगेच खटकेल. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे यातले बरेच मृत्यू मोजलेच जात नाहीत.

का जात नाहीत, हे मुंबईतच समजून घेता येतं. एखादा तरुण रस्त्याकडेला किंवा घरी मृत सापडतो. पोलीस अकस्मात मृत्यूची, म्हणजे एडीआरची, नोंद करतात. शवविच्छेदन होतं, मृत्यूचं कारण राखून ठेवलं जातं, व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. अहवालाला अनेकदा महिने लागतात. तो आला की पोलिसांच्या फाइलीत लागतो. पालिकेच्या मृत्युनोंदणीत मूळ नोंद सुधारली जाईलच असं नाही. जो वाचला, त्याची कॅज्युअल्टीत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होते आणि तो कागद वेगळ्याच कपाटात राहतो. 108 ची अँब्युलन्स आली असेल तर तिची नोंद तिसरीकडे. त्यात नशा करणं हा 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गुन्हा असल्याने घरचे लोक 'अ‍ॅटॅक आला' एवढंच सांगतात. त्यांना दोष देऊ नये, त्यांच्या दारात पोलीस उभा असतो. मात्र या सगळ्यामुळे एखाद्या भागात महिन्याभरात चार मुलं गेली, तरी ती चार आहेत हे कुणालाच कळत नाही. तिथे कुणी सावध करायला जात नाही, उपचाराची सोय वाढत नाही.

म्हणून मुलीला सांगा, तयार डेटा मिळेल आणि आपण मॉडेल चालवू अशी अपेक्षा ठेवून या क्षेत्रात येऊ नकोस. अजून काही वर्षं इथलं मुख्य काम नोंदी नीट होण्याचं आणि त्या जोडण्याचं आहे. तेही खासगीपण सांभाळून, कारण हीच यादी चुकीच्या हातात पडली तर उपचाराला येणारी माणसं येणं बंद करतील. डेटाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भान हवं, पण इथे ते नसेल तर माणसं मरतात.

शिक्षण तुमच्या दारातच आहे. गोवंडी-देवनार परिसरातल्या आयआयपीएस या संस्थेत जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र या विषयात एमएस्सी करता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते. जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे आणि तिथे एमबीबीएस असण्याची अट नाही. भांडुपहून कुर्ल्याला उतरून हार्बर पकडली की गोवंडी. गणिताची बैठक पक्की असल्याने मी तिला आयआयपीएसकडे झुकवीन. प्रवेशाच्या तारखा आणि परीक्षा त्या त्या वर्षी संकेतस्थळावर पाहून घ्या. दरम्यान आकडेवारीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत, ती शिकायला लागू दे.

'ओव्हरडोस तज्ज्ञ' अशी जाहिरात वर्तमानपत्रात येणार नाही, हे आधीच सांगते. पदं असतात ती साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, सर्वेक्षण, देखरेख व मूल्यमापन अशा नावांची. ती एड्स नियंत्रण कार्यक्रमात, संशोधन संस्थांत, स्वयंसेवी संस्थांत निघतात. बरीच कंत्राटी असतात आणि पगाराची सुरुवात बँकेपेक्षा कमी असते. मात्र हेच शिक्षण क्षयरोगाला, मातामृत्यूला, रस्ते अपघातांना लागू पडतं, त्यामुळे ती एका कोपऱ्यात अडकणार नाही.

बँकेचं म्हणाल, तर घरावर कर्ज किंवा धाकट्याचं शिक्षण असेल तर दोन वर्षं नोकरी करू द्या. मोठ्या नोंदी हाताळायची शिस्त तिथेही लागते. तशी निकड नसेल तर थेट एमएस्सीला पाठवा. बँकेत रुळल्यावर परत विद्यार्थी होणं फार थोड्यांना जमतं.

शेवटची भीती पोरीने त्या लोकांत वावरण्याची. हो, काही काळ वावरावंच लागेल, आणि वावरलं पाहिजे. फॉर्मवरचा 'मागचा उपचार' हा रकाना रिकामा का राहतो, हे कॉम्प्युटरसमोर बसून कळत नाही. सुट्टीत एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात नोंदी ठेवायला मदत करू दे. जवळचं सरकारमान्य केंद्र 14446 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येईल. पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा आणि तिथल्या समुपदेशकांशी बोला. आणि चाळीतल्या त्या मुलाच्या मित्रांपैकी अजून कुणी घेत असेल, तर हाच नंबर त्यांच्या घरीही द्या. सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच एनडीपीएस कायद्याचं कलम 64 अ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं, हे त्या आईवडिलांना बहुधा कुणी सांगितलेलं नसेल.