मुकादम निघून गेल्यावर

काय गं माय,

तुझ्या सातही व्हॉइस नोट ऐकल्या, पण सकाळी. सध्या सोयाबीनची काढणी चालू आहे, रात्री नऊला पडलो की पाचलाच डोळा उघडतोय. पहिल्या तीन नोटमध्ये रडायलीस, चौथीत त्याला शिव्या, पाचवी-सहावी वाऱ्याच्या आवाजात गेली आणि सातवीत एकच प्रश्न, काका आता मी काय करू. फोनवर बोललो तर पुन्हा रडशील अन् मलाही मधेच मळणी यंत्रवाला हाक मारील, म्हणून हे बांधावर बसून टाइप करायलोय, चुका झाल्या तर समजून घे.

म्हणजे मला कळलं ते असं की मंगळवारी तुमच्या बाइक रेसिंगच्या टीमच्या मॅनेजरनं ग्रुपवर "सगळ्यांना धन्यवाद" एवढं टाकलं अन् ग्रुप सोडला, कोइम्बतूरचा राउंड अकरा दिवसांवर आहे, ओनर म्हणतोय काही बिघडत नाही आपण सगळे मिळून बघू, आणि तुला त्या मॅनेजरनं गुपचूप फोन करून सांगितलंय की मी दुसऱ्या टीममध्ये चाललोय, तू पण ये.

आधी एक गोष्ट सांगतो, तुला मी कधी सांगितली नाही. असाच मी पण गेलो होतो.

2012 ची गोष्ट. वाळूजला कंपनीत शिफ्ट करून आम्ही चौघं जण दोन गाड्यांची बारकी टीम चालवायचो, गाड्या टेम्पोत टाकून चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठायचो. नावाला मी मॅनेजर. त्या वर्षी पाऊस नव्हता, तुला आठवत नसेल, गावाकडं टँकर चालू झालेले, त्यात वडलांना लकवा मारला. मी सगळ्यांना हेच सांगितलं की वडलांमुळं चाललो. कारण खोटं नव्हतं, पण पुरतं पण नव्हतं. ओनरनं पोरांचे पैसे चार महिन्यांपासून लटकवले होते आणि दर महिन्याला "पुढच्या दहा तारखेला नक्की" हे पोरांना माझ्याच तोंडानं जायचं. पाचव्यांदा ते वाक्य म्हणायची हिंमत झाली नाही. रातच्या एसटीनं निघून आलो. पोरांना वाटलं काका फुटला, कुणीतरी जास्त पैसे दिले. मी लाजेनं फोन केला नाही, त्यांनी रागानं केला नाही.

म्हणून सांगतोय, तो का गेला हे शोधत बसू नको. जो सांगतो ते अर्धं असतंय, उरलेलं त्याला स्वतःलाच नीट सांगता येत नसतंय. पॅडॉकमध्ये, सगळ्या टीमा थांबतात तिथं, तुला पाच कारणं ऐकायला मिळतील, चहा पी अन् सोडून दे.

पण माझ्या जाण्यानं झालं काय ते ऐक, कारण तुझ्या कामाचं ते आहे. गिअरिंगची वही माझ्या बॅगेत राहिली, अन् बॅग आमच्या माळवदाच्या घरात खुंटीला. कोणत्या ट्रॅकला कोणतं स्प्रॉकेट (चेनचं दातांचं चाक), ऊन असलं की काय, पाऊस आला की काय, कुणाला चेन किती ढिली लागते, सगळं त्यात. पोरं कोइम्बतूरला चेन्नईची सेटिंग घेऊन गेली. आता चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, कोइम्बतूरचा जेमतेम 2.1, तिथं गाडीला उचल जास्त पाहिजे. मागची मोठी स्प्रॉकेटं पेटीत नव्हती, कारण दर वेळी ती मीच आठवणीनं टाकायचो, अन् हे कुणाला माहीतच नव्हतं. मग एकानं डोकं लावलं, पुढचा एक दात कमी करू, एकच तर दात आहे. पुढं 14 ला मागं 42 दात म्हणजे 3 चा रेशो, 13 ला 42 केलं की 3.23. मागं तेवढंच पाहिजे असतं तर 45 चं बसवावं लागलं असतं, म्हणजे पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन. त्यांना एक किंवा दोन पाहिजे होते. स्ट्रेटच्या मध्यावरच गाडी लिमिटरला, म्हणजे इंजिनाचे फेरे जिथं अडवले जातात तिथं, जाऊन भुंकायला लागली, रायडर रडकुंडीला आला. गाडीत दोष नव्हता गं, पोरं पण हुशार होती. वही खुंटीला होती, एवढंच.

तू आपल्याकडची आहेस, तुला ऊसतोडीवरून लगेच कळंल. मुकादम पळाला की टोळीचं काय होतंय? कोयते तेच, हात तेच, फडात ऊस पण तोच. पण कुणी किती उचल घेतली, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कुणाला भेटायचं, गाडी कधी लागणार, कुणाच्या पोराला ताप आहे म्हणून त्याला आज हलकं काम, हे सगळं त्याच्या डायरीत नाहीतर डोक्यात. मुकादम चांगलाच असतो असं मी म्हणत नाही, बऱ्याच टोळ्यांना विचार, त्या काय सांगतील तुला माहीत आहे. पण तो गेल्यावरच कळतंय की तो काय काय उचलून चालला होता.

अन् हे आपल्यासारख्या टेम्पोवाल्या टीमचंच आहे असं समजू नको. सुझुकीचं आठव. 2020 ला त्यांचा रायडर होआन मीर मोटोजीपीचा, बाइक रेसिंगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, चॅम्पियन झाला, सुझुकीला 2000 च्या केनी रॉबर्ट्स ज्युनिअरनंतर पहिल्यांदा टायटल, वीस वर्षांनी, ते पण अख्ख्या हंगामात मीरची रेस जिंकलेली एकच. टायटल पक्कं झालं 15 नोव्हेंबरला व्हॅलेन्सियाला. आणि दोन महिने व्हायच्या आत, 7 जानेवारी 2021 ला बातमी, टीम मॅनेजर दाविदे ब्रिवियो चालला, तो पण फॉर्म्युला वनला, अल्पीनकडं. ज्यानं सुझुकी 2015 ला परत यायच्या आधीपासून ती टीम माणूस-माणूस जोडून बांधली तो माणूस. सुझुकीनं काय केलं? नवा मॅनेजरच घेतला नाही. प्रोजेक्ट लीडर साहारा साहेब अन् बाकीचे सीनियर मिळून बघतील म्हणाले, तुझा ओनर म्हणतोय तसंच. 2021 ला एक पण रेस जिंकले नाहीत, मीर तिसरा आला. आता सगळं खापर रिकाम्या खुर्चीवर फोडणं बरोबर नाही, वेग घेताना गाडीची मागची बाजू खाली बसवणारी राइड हाइट डिव्हाइस बाकीच्यांकडं होती अन् यांच्याकडं ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाला आली, ते इंजिनिअरिंगचं दुखणं होतं. पण मला विचारशील तर अशा वेळी जपानला फोन लावून टेबल आपटणारा एक माणूस लागतोय, अन् पाच जणांच्या कमिटीत टेबल कुणी आपटायचं हेच ठरत नाही. शेवटी 2022 ला लिव्हियो सुप्पोला मॅनेजर म्हणून आणलंच त्यांनी. (अन् त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीनं रेसिंगच सोडायचं ठरवलं ते वेगळं, तरी त्यांच्या दुसऱ्या रायडरनं, रिन्सनं, शेवटच्या तीनपैकी दोन रेसा जिंकून दिल्या, ऑस्ट्रेलिया अन् व्हॅलेन्सिया. बंद पडणाऱ्या दुकानात असं काम करणारे मेकॅनिक मला लई आवडतात.)

तर तू काय करायचं. उद्या सकाळी ओनरकडं जा अन् एकच विचार: पिटमध्ये शेवटचा शब्द कुणाचा? नाव सांगा. "सगळे मिळून" असं म्हणाला तर तिथंच बसून राहा, चहा मागव, पण नाव घेतल्याशिवाय उठू नको. पावसाचा टायर घालायचा की नाही हे ग्रिडवर मतदान करून ठरत नसतंय. तो कदाचित तुलाच म्हणील, तूच बघ की. तेव्हा फुगून जाऊ नको. विचार की टायरचे पैसे मला सही करून काढता येतील का. नाही म्हणाला तर हात जोड अन् सांग, साहेब मी डेटा आणि गाडी बघते, तेवढंच बरं. पैशाचा हात नसलेला मॅनेजर म्हणजे उचल न देणारा मुकादम, टोळी त्याचं ऐकत नाही अन् शिव्या मात्र त्यालाच.

मग त्या गेलेल्या माणसाला फोन लाव. हो, तूच लाव. "का गेलात" विचारायचं नाही, "आमचं काय होईल" पण नाही, रडायचं तर बिलकुल नाही. वही घेऊन बस आणि विचार की एंट्री कुणाच्या मेलवरून भरायचा अन् त्याचा पासवर्ड काय, रायडरच्या लायसन्सचा कागद कुठल्या फाइलला आहे, ट्रान्सपोर्टवाल्याला अॅडव्हान्स गेला का, टायरची ऑर्डर तोंडी होती का लेखी, स्क्रुटिनीला, रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला, मागच्या वेळी कशावरून अडवलं होतं, अन् पेटीत असं काय आहे जे फक्त तुम्हीच टाकत होतात. हा शेवटचा प्रश्न विसरू नको. तो सगळं सांगील बघ. जाणाऱ्या माणसाला मनात खात असतंय, त्याला कुणीतरी कामाचं विचारावं असं लई वाटतंय. मला 2012 ला एकानं जरी फोन करून "काका वही कुठंय" विचारलं असतं ना, मी तसाच उठून वही घेऊन कोइम्बतूरला गेलो असतो.

एक गोष्ट मात्र वहीत नसती. तुमचा रायडर हेल्मेट काढून आदळतो तेव्हा पहिली पाच मिनिटं त्याच्याशी कोण बोलायचं? तोच ना, मॅनेजर. ते काम आता कुणाला तरी दे, पण तू घेऊ नको, कारण त्याच वेळी तुला लॅपटॉपवर लॅप टाइम बघायचे असतात, अन् डेटावाली जर रायडरच्या रागात गेली तर पुढच्या सेशनला दोघं पण चुकतात.

राहिलं ते त्याच्याबरोबर जायचं. जेरेमी बर्जेसचं माहीत आहे ना, मोटोजीपीच्या चॅम्पियन रॉसीचा क्रू चीफ, म्हणजे त्याच्या मेकॅनिकांचा मुख्य. रॉसी होंडा सोडून यामाहाला गेला तेव्हा हा पण आपल्या माणसांना घेऊन गेला, अन् 2004 ची पहिलीच रेस, दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला, जिंकले. तेव्हा यामाहाकडं टीम मॅनेजर कोण होता, हाच ब्रिवियो. असं ऐकलं की आपल्याला पण बॅग भरावीशी वाटते. पण ते 2003 चा हंगाम पुरा करून, होंडाला टायटल देऊन निघाले होते, मधल्या मंगळवारी नाही. अन् दहा वर्षांनी, 2013 संपताना, त्याच रॉसीनं बर्जेसला बदललं. दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत, पण बदललं. तेव्हा माणसाच्या मागं जायचं तर जा, मी नाही म्हणणार नाही, तो मॅनेजर म्हणून चांगलाच आहे, पण त्याला सांग की हंगाम संपल्यावर सांगते. तेवढं थांबायची त्याची तयारी नसली तर त्याला तू नको आहेस, अकरा दिवसांनी ही टीम लंगडी झालेली पाहिजे आहे.

घरी आईला यातलं काही सांगितलंस का? नसेल तर सांग, तिला वाटतंय तू अजून शोरूमला सर्व्हिसिंगच करतेस.

माझी जुनी वही मिळाली. उंदरांनी कोपरे खाल्लेत पण कोइम्बतूरची पानं धड आहेत. गाड्या वेगळ्या होत्या म्हणून आकडे तसेच्या तसे घेऊ नको, फक्त कुठल्या वळणाला कोणता गिअर पडायचा अन् उन्हात दुपारनंतर काय बदलायचो ते बघ. फोटो काढून पाठवले असते पण पेन्सिलीचं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून उद्या अंबाजोगाईच्या गाडीत कंडक्टरकडं देतो, स्टँडवरून तुझ्या भावाला घ्यायला सांग, तो पुढं कुरिअर करील. मागच्या पानावर हिशोब लिहिलाय चार पोरांचा, कुणाचे किती राहिले तो. ते पान फाडू नको, मला परत पाहिजे.

क्वालिफाइंग झालं की फोन कर. घरात रेंज नसते, विहिरीवर येऊन बसतो.

तुझा काका