शंका तुमची, तपासणी आमची : हेम्पच्या रिपोर्टातले आकडे

मागच्या अंकात औषधी तेलांच्या लेबलांबद्दल लिहिताना हेम्पचा, म्हणजे भांग-गांजाच्याच झाडाच्या कमी नशेच्या जातींचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच देऊन टाकते. काही पत्रं ‘कुठे मिळेल’ असं विचारणारी होती, ती बाजूला ठेवली. मी सातपूरच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी केलेली बाई. मशीनमधून काय निघालं ते मला विचारा, दुकानाचा पत्ता विचारू नका.

मॅडम, सासूबाईंच्या गुडघेदुखीसाठी वैद्यांनी विजया अर्काचं, म्हणजे भांगेच्या अर्काचं, तेल लिहून दिलं आहे. बाटली ३० मिलीची, वर ‘१५०० मिग्रॅ’ असं छापलंय. क्यूआर कोड स्कॅन केला तर रिपोर्टमध्ये टीएचसी १.१२ टक्के आणि सीबीडी ०.८६ टक्के दिसतं. हिशोब जुळत नाही. शिवाय रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीवर नाही, आणि तपासणीची तारीख बाटली बनण्याच्या वर्षभर आधीची आहे. फसवणूक आहे का? — गृहिणी, इंदिरानगर

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. पहिलीत दम नाही, दुसरीत आहे.

आधी हिशोब करू. १५०० मिलिग्रॅम हे वजन अर्काचं आहे, टीएचसी-सीबीडीचं नाही. भांगेच्या पानांचा अर्क काढला की त्यात मेण येतं, हरितद्रव्य येतं, वासाची द्रव्यं येतात आणि या झाडाची खास संयुगं, म्हणजे कॅनाबिनॉइड्स, येतात. त्यांतली टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. आता ३० मिली तेलाचं वजन घनता ०.९४ धरली तर २८.२ ग्रॅम होतं. त्याचे १.१२ टक्के म्हणजे सुमारे ३१६ मिलिग्रॅम टीएचसी आणि ०.८६ टक्के म्हणजे सुमारे २४३ मिलिग्रॅम सीबीडी. दोन्ही मिळून साधारण ५६०. उरलेले ९४० मिलिग्रॅम म्हणजे अर्कातला बाकीचा ऐवज. कंपनीनं खोटं छापलेलं नाही, पण सोयीचं तेवढं मोठ्या अक्षरांत छापलं आहे. सासूबाईंच्या कामाचा आकडा तिसराच आहे : एका मिलीत साधारण साडेदहा मिलिग्रॅम टीएचसी. पूर्ण ड्रॉपर एक मिलीचा असेल तर तेवढी टीएचसी एका वेळी पोटात जाते. साठी उलटलेल्या माणसाला ती कमी नाही. चक्कर येऊन पडल्या तर गुडघ्याचं राहील बाजूला. किती थेंब द्यायचे हे वैद्यांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्यांना हा मिलीचा आकडा दाखवा. सासूबाई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील, विशेषतः वॉरफॅरिन, तर ती गोळी देणारे डॉक्टर आणि हे वैद्य या दोघांनाही एकमेकांची औषधं माहीत हवीत. सीबीडीमुळे वॉरफॅरिनचा परिणाम वाढू शकतो. भांग औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना बाटलीवर असायलाच हवी. ती नसेल तर बाटली परत करा.

आता बॅच. तिथे मात्र माझं डोकं फिरलं. दुसऱ्या बॅचचा रिपोर्ट तुमच्या बाटलीबद्दल काहीच सांगत नाही. शेतातून आलेल्या पाल्याचा प्रत्येक लॉट वेगळा, त्यामुळे अर्कही वेगळा. कंपनीला मेल करून तुमच्याच बॅचचा रिपोर्ट मागा. आला तर तीन गोष्टी बघा. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का आणि रिपोर्टवर यूएलआर नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का. ‘मान्यताप्राप्त’ एवढ्यावर थांबू नका : लॅबला मान्यता पाण्याच्या तपासणीची असते आणि ती रिपोर्ट काढते तेलाचा, असंही होऊ शकतं. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबच्या नावानं बघता येते. तिसरी गोष्ट सीबीएनची ओळ. टीएचसी उजेडात, उष्णतेत आणि हवेत जुनी झाली की तिचं सीबीएन होतं. तो आकडा चढलेला दिसला तर माल जुना किंवा उन्हात राहिलेला. रिपोर्टात सीबीएनची ओळच नसेल तर का नाही, तेही विचारा.

ही भानगड फक्त आपल्याकडची आहे असं समजू नका. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ साली तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. लेबलाशी जुळणारी निघाली फक्त ३१ टक्के. ८४ पैकी १८ उत्पादनांत टीएचसी सापडली.

एकाच सुक्या फुलाचा नमुना दोन लॅबकडे गेला, असं एका पेपरात वाचलं. एकीनं टीएचसी ०.०८ टक्के दिली, दुसरीनं ०.३० च्या जवळ. चूक कोणाची? — एम.एस्सी.चा विद्यार्थी, कॉलेज रोड

बहुधा कोणाचीच नाही. जिवंत झाडात टीएचसी जवळपास नसतेच, असतं ते तिचं आम्लरूप, टीएचसीए. त्याला उष्णता मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरते. विडीत, चिलमीत, कढईत हेच होतं. जीसी मशीन नमुन्याची वाफ करून त्यातली द्रव्यं वेगळी करतं. त्याचं इंजेक्शन पोर्ट, म्हणजे नमुना सोडायचं तोंड, अडीचशे अंशांच्या वर तापलेलं असतं, तिथेही हेच होतं. म्हणजे जीसी तुम्हाला आम्ल आणि टीएचसी एकत्र करून दाखवते, तेसुद्धा अर्धवट, कारण रूपांतर पूर्ण होत नाही आणि थोडं जळून जातं. सिलायलेशन नावाची रासायनिक प्रक्रिया करून आम्ल आधी झाकून घेतलं तर गोष्ट वेगळी. एचपीएलसी मशीन द्रवातच द्रव्यं वेगळी करतं, तिथे तापवायचं कारणच नाही, दोन्हींचे पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, वेगळे मिळतात. शिवाय टीएचसीएचा यूव्ही स्पेक्ट्रम, म्हणजे अतिनील प्रकाश शोषण्याचा आलेख, २७० आणि ३०५ नॅनोमीटरच्या आसपासही उंचावतो, टीएचसीचा तसा उंचावत नाही. असा आलेख टिपणारा पीडीए डिटेक्टर असेल तर पटकन ओळखू येतं.

आता आकडे घे. समज, टीएचसी ०.०८ आणि टीएचसीए ०.२५ टक्के आहे. नुसती टीएचसी लिहिली तर ०.०८. साधी बेरीज केली तर ०.३३. योग्य पद्धत म्हणजे आम्लाला ०.८७७ ने गुणायचं, कारण टीएचसीचा रेणुभार ३१४.५ आणि आम्लाचा ३५८.५, सुटून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचं वजन वजा व्हायला हवं. मग एकूण टीएचसी येते ०.२९९. पण थांब, नमुन्यात १० टक्के ओलावा असेल तर कोरड्या वजनावर हाच आकडा ०.३३ होतो. मर्यादा ०.३ ची असेल तर त्याच फुलाला एका कागदावर पास आणि दुसऱ्या कागदावर नापास लिहिता येतं, आणि कोणीही खोटं बोललेलं नसतं. रिपोर्टात ‘एकूण’ आणि ‘कोरड्या वजनावर’ हे शब्द नसतील तर मी तो रिपोर्ट पुढे वाचत नाही.

आणखी एक गंमत. डेल्टा-९ (आपली नेहमीची टीएचसी), तिचं भावंड डेल्टा-८ आणि सीबीडी या तिघांचंही रेणुसूत्र एकच. म्हणजे भारी मास स्पेक्ट्रोमीटर लावला तरी नुसत्या वस्तुमानावरून हे वेगळे करता येत नाहीत. मशीनच्या कॉलमवरच, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या नळीतच, सुटायला हवेत. डेल्टा-८ आणि डेल्टा-९ चे पीक एकमेकांना खेटून येतात. घाईनं रन छोटा केला की दोघांची मिळून एकच टेकडी दिसते. व्हायव्हाला विचारतील, लक्षात ठेव.

ताई, मुलीनं ऑनलाइन हेम्पचं बी मागवलं. लाडवात घालते म्हणते. नातवंडांना द्यावं का? पाकिटावर ‘टीएचसी आढळले नाही’ असं आहे. — पंचवटी

बियांमध्ये टीएचसी बनतच नाही. ती बनते फुलाभोवतीच्या बारीक ग्रंथींमध्ये, आणि त्यांचा चिकट राळ मळणीत बियांच्या टरफलाला लागतो. म्हणून स्वच्छ धुतलेलं, सोललेलं बी जास्त बरं. कुमाऊँत भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होते.

एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बियांत एकूण टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेलात १० पेक्षा. बरोबर मर्यादेइतकी टीएचसी असलेलं बी ३० ग्रॅम खाल्लं तरी ०.१५ मिलिग्रॅम होतं. मोठ्यांना काही होणार नाही. लहानांना मी तरी देणार नाही. तिळाचे लाडू काही वाईट नाहीत.

पण ते ‘आढळले नाही’ मला छळतं. शेतातल्या हेम्पसाठी वापरतात ती ०.३ टक्के मर्यादा म्हणजे किलोला ३००० मिलिग्रॅम. बियांची मर्यादा ५. म्हणजे ६०० पट बारीक मोजायचं आहे. एखाद्या लॅबची पद्धत ०.०१ टक्क्याच्या खाली मोजू शकत नसेल, तर ती किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत आंधळी आहे. किलोला ८० असले तरी ती प्रामाणिकपणे ‘आढळले नाही’ लिहील. त्यामुळे मुलीला सांगा, कंपनीला एकच प्रश्न विचार : तुमची मोजण्याची खालची मर्यादा किती, आणि ती मिलिग्रॅम प्रति किलोत सांगा. एवढं विचारल्यावर उत्तर येतं की नाही, त्यावरून कंपनीही कळेल.

ताई, राम राम. द्राक्षाला कंटाळलो. एक जण हेम्पचं बियाणं देतोय, सोबत ‘टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत’ असं लॅबचं सर्टिफिकेट. दोन एकर लावू का? — बागायतदार, निफाड तालुका

भाऊ, लावू नका. एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम ८ नुसार परवानगीशिवाय हे झाड लावायला मनाई आहे आणि कलम २० मध्ये १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. १९८५ च्या त्या कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या भागावरून केली आहे, टक्केवारीवरून नाही. तुमचं सर्टिफिकेट कोर्टात ढालीसारखं पुढे करता येणार नाही. खायला विकलेलं बी कायदेशीर, तेच रानात पेरलं की गुन्हा. उत्तराखंडात परवाना घेऊन लागवड होते, तिथे ०.३ टक्क्यांची अट आहे. ते तिकडचे नियम, निफाडला लागू नाहीत.

हा ०.३ आकडा कुठून आला, तेही सांगते. स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दोन प्रकारची झाडं वेगळी करायला एक रेघ ओढली, आणि ती आपण मनानं ठरवली हेही लिहून ठेवलं. वर्गीकरणासाठी ओढलेली रेघ पुढे देशोदेशींच्या कायद्यांत जाऊन बसली. ती नशेची सीमा नव्हेच.

आणि समजा उद्या परवानगी मिळाली, तरी बियाण्याचं सर्टिफिकेट हा तुमच्या पिकाचा रिपोर्ट नाही. तुम्हाला हे समजावायला नको. उन्हाच्या बाजूच्या घडाचा ब्रिक्स (गोडीचा आकडा) आणि पानाआडच्या घडाचा ब्रिक्स एक येतो का? हेम्पच्या शेंड्याच्या फुलात टीएचसी जास्त, खालच्या पानात कमी. अमेरिकेत म्हणून नमुना कुठून तोडायचा तेही ठरवलंय : शेंड्याकडचे पाच ते आठ इंच, आणि काढणीच्या आधी ३० दिवसांच्या आत. फूल पिकत जातं तशी सीबीडी वाढते आणि तिच्याबरोबर टीएचसीही, कारण सीबीडीसाठी लावायच्या जातींत दोघींचं प्रमाण बऱ्यापैकी बांधलेलं असतं, साधारण पंचवीसास एक. सीबीडी साडेसात टक्क्यांवर नेलीत की टीएचसी ०.३ ला भिडलीच. आठवडाभर काढणी लांबली की पीक बाद, आणि बाद म्हणजे कमी भाव नव्हे, नष्ट करणं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. तो माल निदान गुन्हा तरी नव्हता.

गांजा पकडल्याच्या बातमीत किती किलो ते असतं, किती टक्के ते कधीच नसतं. तपासत नाहीत का? आणि घरी तपासायचं किट मिळतं म्हणे, खरं का? — नाशिकरोड

तपासतात, पण प्रश्न वेगळा असतो. न्यायवैद्यक लॅबला ‘हा गांजाच आहे का’ एवढं सिद्ध करायचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे विशिष्ट केस, ड्यूकेनॉय-लेव्हिन चाचणीतला जांभळा रंग, टीएलसीवरचे (पातळ थरावर द्रव्यं वेगळी करून दिसणारे) ठिपके, गरज पडली तर मशीन. शिक्षा वजनावर ठरते : गांजा १ किलोपर्यंत कमी प्रमाण, २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण. टक्केवारी शून्याच्या जवळ असो की पंधरा, किलो तेच.

घरच्या किटमध्ये बहुतेक रंगाचीच चाचणी असते. रंग ‘आहे’ एवढं सांगतो, ‘किती’ सांगत नाही, आणि काही दुसऱ्या वनस्पतींनाही फसतो. पैसे घालवू नका.

जाता जाता : एका वाचकानं पत्रासोबत छोट्या पुडीत ‘नमुना’ पाठवला होता. ती आम्ही ठेवून घेतलेली नाही आणि तपासणारही नाही. पोस्टानं काही पाठवायचंच असेल तर रिपोर्टची झेरॉक्स पाठवा, दोन्ही पानं, आणि बाटलीवरचा बॅच नंबर सोबत लिहा.