आधी पंखा, मग माणूस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाच्या पहिल्या महायुद्धातल्या काळावरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच ओळीत तू त्याला ‘जगातला पहिला एस वैमानिक’ म्हटलं आहेस आणि जाणकार वाचक तिथेच पान मिटेल. एस म्हणजे शत्रूची किमान पाच विमानं पाडलेला वैमानिक. गारोसच्या नावावर चार आहेत: तीन एप्रिल 1915 मधली आणि चौथं 2 ऑक्टोबर 1918 चं. पहिला एस म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रेंच वैमानिक अदोल्फ पेगू, आणि तो 31 ऑगस्ट 1915 ला लढताना मारला गेला. ती ओळ काढून टाक. गारोसला उसन्या पदवीची गरज नाही. त्याने केलेली गोष्ट या आकड्यापेक्षा खूप मोठी आहे, आणि ती समजण्यासाठी तुला आधी त्याच्या विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, समजून घ्यावा लागेल.

लेखाची सुरुवात अडचणीपासून कर. 1914 मध्ये विमानावरून विमानावर गोळी मारायची तर पुढचा पंखा आडवा येतो. फ्रेंचांचं पहिलं यश 5 ऑक्टोबर 1914 चं: रॅन्सजवळ फ्रान्त्झ आणि केनो या जोडीने व्हॉयसँ विमानातून हॉचकिस मशिनगन चालवली. त्या विमानाचा पंखा मागे होता, म्हणून पुढची बाजू मोकळी होती. पण पंखा मागे म्हणजे विमान संथ. वेगवान मोरान-सोल्निए या फ्रेंच विमानाचा पंखा पुढे. त्यात मागे निरीक्षक बसवून त्याच्या हाती बंदूक देता येई, पण मग नेम एकाचा आणि सुकाणू दुसऱ्याचं. 1 एप्रिल 1915 हा दिवस तुझ्या लेखात ठळक यायला हवा. त्या एकाच दिवशी, एकाच जातीच्या विमानातून, दोन फ्रेंच वैमानिकांनी एकेक जर्मन विमान पाडलं. जाँ नावारच्या निरीक्षकाने हातातल्या कार्बाइनने (आखूड बंदुकीने), आणि एकट्या उडणाऱ्या गारोसने फिरत्या पंख्यातून मशिनगन झाडून. जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी ठेवायला इतकी सोयीची तारीख दुसरी नाही.

आता ‘पंख्यातून’ म्हणजे कसं, ते. तू ‘गोळ्या पात्यांच्या मधून जात’ एवढ्यावर भागवलं आहेस. कागद घे आणि हिशेब कर.

पंखा दोन पात्यांचा, मिनिटाला 1200 फेरे धर. सेकंदाला 20 फेरे, म्हणजे नळीसमोरून सेकंदाला 40 वेळा पातं जातं. नळीची रेषा पंख्याच्या मध्यापासून 45 सेंमीवर आहे असं समज. त्या अंतरावरचा परीघ सुमारे 283 सेंमी. पात्याची रुंदी तिथे 14 सेंमी धरली, तर दोन पात्यांनी 28 सेंमी अडवले, म्हणजे साधारण दहावा भाग. कसाही गोळीबार केला तरी दहातल्या नऊ गोळ्या सरासरीने निघून जातात. प्रश्न दहाव्या गोळीचा आहे. हॉचकिसची काडतुसं धातूच्या पट्टीत बसवलेली असत, एका पट्टीत सुमारे दोन डझन. म्हणजे दर पट्टीमागे दोन-तीन गोळ्या लाकडी पात्यावर.

सरासरीवर मात्र विसंबू नकोस, इथे ती फसवते. बंदूक मिनिटाला नेमक्या 450 गोळ्या मारत असेल आणि पंखा नेमका 1200 वर असेल, तर दोन गोळ्यांच्या मध्ये सव्वापाचहून थोडी जास्त, म्हणजे 5⅓ पाती जातात. मग चौथ्या गोळीला पातं पहिल्या गोळीच्याच जागी सापडतं, सातव्यालाही तिथेच. पहिली लागली तर प्रत्येक तिसरी लागणार. पहिल्या तिन्ही गोळ्या पातं चुकवून गेल्या तर एकही लागणार नाही. प्रत्यक्षात बंदूक आणि इंजिन इतकं काटेकोर चालत नसे, म्हणून हा नमुना टिकत नसे. पण ‘फक्त दहा टक्के’ हे ऐकून वैमानिकाला धीर का येत नसेल, हे यातून कळतं.

मोरान-सोल्निए कंपनीच्या रेमों सोल्निएने युद्धापूर्वीच बंदूक आणि पंखा यांचा ताळमेळ घालणारी यंत्रणा करून पाहिली होती. ती का फसली हे तुझ्या लेखात एका शब्दात, ‘अपयशी’ म्हणून उरकलं आहे. कारण काडतुसात होतं. नळीच्या तोंडापासून पंख्यापर्यंत दीड मीटर धर. सेकंदाला 700 मीटर वेगाची गोळी ते अंतर सुमारे दोन सहस्रांश सेकंदात कापते, तेवढ्यात पंखा 15 अंश फिरतो. हे ठरलेलं असतं, त्याचा हिशेब यंत्रात धरता येतो. पण एखादं काडतूस चाप ओढल्यावर तीन सहस्रांश सेकंद उशिरा पेटलं, तर पंखा आणखी 21-22 अंश पुढे गेलेला असतो, आणि आपलं 14 सेंमीचं पातं 45 सेंमीवर जेमतेम 18 अंश व्यापतं. मोकळी जागा संपायला तेवढेच अंश उरले असतील, तर पातं समोर येतं. एकसारखी न पेटणारी काडतुसं असतील तर उत्तम यंत्रणाही पंखा फोडते. त्यात हॉचकिसचा स्वतःचा वेगही घड्याळासारखा नव्हता.

म्हणून मार्ग निघाला तो आडदांड: पात्यावर गोळी लागणारच असेल तर तिथे पोलादी पाचर बसवा, गोळी बाजूला घसरू द्या. मूळ कल्पना सोल्निएकडची. गारोस आणि त्याचा मेकॅनिक ज्यूल ह्यू यांनी ती वापरण्याजोगी केली. पाचरीच्या जागी पातं अरुंद केलं, म्हणजे लागणाऱ्या गोळ्या कमी झाल्या, आणि पाचरीचा आकार सुधारला. ह्यूचं नाव तुझ्या लेखात कुठेच नाही. ते आलंच पाहिजे. हातात कानस घेतलेल्या माणसाचं नाव गाळून विमानाचा इतिहास लिहायचा नाही.

पाचरीचे तोटेही लिही. अरुंद पात्याची ओढ कमी होते. लागलेली गोळी बाजूला जाते, पण तिचा हादरा पात्याला, लाकडाच्या तंतूंना आणि इंजिनाला बसतोच. इथे तुझी एक तांत्रिक चूक आहे. तू ‘हादरा फिरत्या क्रँकशाफ्टला बसे’ असं लिहिलं आहेस. हे रोटरी इंजिन होतं. त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दंड, विमानाला पक्का बसवलेला असतो, आणि क्रँककेस, सिलिंडर आणि त्यांना जोडलेला पंखा असं सगळं एकत्र फिरतं. पंख्याला बसलेला धक्का त्या अख्ख्या फिरत्या वजनाला आणि त्याच्या बेअरिंगांना जातो.

चित्रही बदल. तू लावलेलं विमान मोरान-सोल्निए ‘एन’ आहे: पंख मध्यावर, नाकावर मोठी गोल टोपी. पाचरी त्यावरही बसवल्या गेल्या, युजेन जिल्बेरने तसं विमान उडवलं. पण गारोसने एप्रिलमध्ये वापरलं ते ‘एल’ जातीचं पॅरासोल. ओळखायची खूण सोपी: पंख वैमानिकाच्या डोक्यावर छत्रीसारखा, आणि टोकांना एलेरॉन (विमान कलवणाऱ्या हलत्या फळ्या) नाहीत. वळताना तारांनी अख्खा पंखच पिळला जाई. पंखविस्तार 11.2 मीटर, इंजिन 80 अश्वशक्तीचं, वेग ताशी सुमारे 120 किमी. असं विमान चालवत पट्टी बदलणं काय असेल ते वाचकाला दाखव. मिनिटाला 450 च्या वेगाने दोन डझन गोळ्या तीन-सव्वातीन सेकंदांत संपतात. मग एका हाताने नवी पट्टी भरायची, दांडा सांभाळायचा, आणि तोवर समोरचा सावध झालेला. म्हणून अगदी जवळ जाऊन मारण्याला पर्याय नव्हता. पाचरीने दिलेला खरा फायदा नेमाचा होता. बंदूक विमानाच्या रेषेत पक्की असल्याने वैमानिक विमानच रोखत असे. लढाऊ विमानाची पुढची सगळी घडण या एका गोष्टीवर उभी आहे, त्यामुळे इथे दोन परिच्छेद खर्च झाले तरी चालतील.

तारखा अशा: 1, 15 आणि 18 एप्रिल 1915 ला एकेक विमान. आणि त्याच 18 तारखेला तो स्वतःही जर्मन ताब्यातल्या बेल्जियममध्ये, इंगेलमुन्स्टरच्या परिसरात, उतरला आणि पकडला गेला. अठरा दिवसांत सगळं सुरू झालं आणि संपलं. इंजिन का थांबलं याची दोन कारणं सांगितली जातात, जमिनीवरून लागलेली गोळी आणि तुंबलेली इंधननळी. तू एक निवडून छातीठोकपणे लिहिलं आहेस. दोन्ही दे. त्याने विमान पेटवलं, पण ते पुरतं जळलं नाही, आणि पंखा पाचरींसकट जर्मनांच्या हाती लागला.

यापुढची, जर्मनीत विमानं बांधणाऱ्या फॉकरची, ‘फॉकरने 48 तासांत ताळमेळ यंत्रणा शोधली’ ही गोष्ट मोह घालते, पण ती तशी घेऊ नकोस. फ्रान्झ श्नायडरचं अशा यंत्रणेचं जर्मन पेटंट 1913 चं आहे, आणि फॉकरच्या कारखान्यात त्या दिशेने काम चालू होतं. गारोसच्या पंख्याने त्या कामाला निकड आणली, एवढंच म्हण. जर्मनांनी पाचरीची नक्कल का केली नाही, याचं उत्तरही काडतुसातच आहे: फ्रेंच गोळी तांबं-जस्ताची, तुलनेने मऊ, तर जर्मन गोळीला पोलादी आवरण. ती पाचरीवरून घसरण्याऐवजी पाचरच फोडे. 1 जुलै 1915 ला जर्मन वैमानिक कुर्ट विंटगेन्सने ताळमेळ यंत्रणेच्या फॉकर विमानातून एक विमान खाली आणलं. ते कोणतं होतं? मोरान-सोल्निए ‘एल’. गारोसच्याच विमानाच्या जातीचं.

कैदेची जवळजवळ तीन वर्षं तू साहसकथेसारखी रंगवली आहेस. आटोपती घे. फेब्रुवारी 1918 मध्ये तो माग्डेबुर्गहून जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात निसटला, हॉलंडमार्गे लंडनला पोहोचला. सोबत आन्सेल्म मार्शाल होता, ज्याने जून 1916 मध्ये नॅन्सीहून उडून रात्री बर्लिनवर पत्रकं टाकली होती. इतकं पुरे. ऑगस्ट 1914 मधली ‘गारोसने झेपेलिनला (जर्मन हवाई जहाजाला) धडक दिली’ ही बातमीही काढ. वर्तमानपत्रांत ती आली होती, पण तशी घटना घडलीच नव्हती.

परतल्यानंतरच्या महिन्यांना तू चार ओळी दिल्या आहेस. तिथे जास्त थांब. त्याने सोडलेलं आकाश आणि त्याला परत मिळालेलं आकाश यांचा फरक आकड्यांतच दिसतो. त्याचं नवं विमान स्पॅड 13: दोनशेहून अधिक अश्वशक्ती, ताशी दोनशे किमीहून अधिक वेग, पंख्याशी ताळमेळ असलेल्या दोन व्हिकर्स बंदुका, पट्टी बदलण्याची भानगड नाही. एकट्याने शिकार करण्याचे दिवस गेले होते, विमानं ठरलेल्या रचनेत उडत. 1913 मध्ये फ्रान्समधल्या फ्रेज्यूसहून ट्युनिशियातल्या बिझेर्तपर्यंत भूमध्य समुद्र पावणेआठ तासांहून अधिक सलग उडून ओलांडणारा माणूस, कैदेत नजर अधू झालेली, पुन्हा प्रशिक्षणाला बसला आणि आपल्या जुन्या 26 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आघाडीवर गेला. त्याला कोणी जाब विचारला नसता, तरी गेला. हे मला त्याच्या पाचरीइतकंच मोलाचं वाटतं.

5 ऑक्टोबर 1918 ला वूझिएजवळ तो लढताना पडला. फ्रान्त्झ आणि केनोच्या त्या पहिल्या यशाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती, गारोसच्या तिसाव्या वाढदिवसाला एक दिवस उरला होता आणि युद्धबंदीला 37 दिवस.

टेनिसचा उल्लेख शेवटी, एका वाक्यात. पॅरिसच्या स्टेडियमला त्याचं नाव 1928 मध्ये मिळालं ते वैमानिक म्हणून. आणि आपल्याकडे क्रीडापानांवर ‘गॅरो’ छापतात, तू तसं करू नकोस. त्याच्या आडनावातला शेवटचा ‘स’ उच्चारला जातो.

दुसरा मसुदा पाठवशील तेव्हा पंख्याच्या हिशेबाचा कागद सोबत जोड. पंख्याचा वेग 1100 आणि 1300 धरूनही तो करून बघ.

तुझा शुभचिंतक