गुणपत्रिकेत पक्षाचा रकाना नसतो

प्रिय,

एकांकिका स्पर्धेच्या परळच्या प्राथमिक फेरीत परीक्षक म्हणून बसलीस आणि पहिल्याच दिवशी पेचात पडलीस. तुझ्या आवडत्या नेत्याची यथेच्छ रेवडी उडवणारी एकांकिका, आणि पोरं मात्र तयारीची. गुण कापावेत का, असं विचारतेस.

कापू नकोस. पण ‘कलेत राजकारण नको’ ही पळवाटही काढू नकोस. मुंबईत राजकारण वगळून कला शोधायला गेलीस तर हाती फारसं काही लागणार नाही. अण्णाभाऊ साठे लाल बावट्याचे शाहीर. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. ती नीट ऐक. आधी गावी राहिलेल्या बायकोचं रूप, तिची ताटातूट. मग मुंबईत पोटामागे फिरणारा गडी. आणि बघता बघता विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचा होतो. तो सांधा इतका बेमालूम आहे, की लाल झेंड्याला नाक मुरडणारेही तिथे मान डोलावतात.

विद्रोही कवी नामदेव ढसाळांचं उदाहरण जास्त अवघड. त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२चा. पुढे आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ लिहिली, नंतर शिवसेनेच्या ‘सामना’त स्तंभ लिहिला. त्यानंतर ‘गोलपिठा’च बेगडी वाटू लागलेली माणसं मला भेटली आहेत. पुस्तकातला एक अनुस्वार तरी हलला होता का? ‘प्रियदर्शिनी’ मात्र माझ्या मते ‘गोलपिठा’च्या पासंगालाही पुरत नाही. दोष इंदिराबाईंचा नव्हे. स्तुती लिहायला बसलं की भल्याभल्यांची लेखणी सैल पडते.

खरा धोका मला वेगळाच दिसतो. विरोधकाचे गुण कापताना निदान मन खातं; तू मला पत्र लिहिलंस ते त्यामुळेच. आपल्या बाजूच्या सुमार कामाला गुण देताना काहीच खात नाही. नट भूमिका सोडून पुढे येतो, प्रकाशझोत त्याच्यावर स्थिरावतो, तो टाळीचं वाक्य फेकतो आणि सभागृह दणाणतं. वाक्य तुझ्या मनातलं असेल तर तूही खूश होतेस. पण त्याआधीच्या दहा मिनिटांत त्या पात्राला ते म्हणायला भाग पाडणारं काही घडलं होतं का? नसेल, तर संहितेच्या रकान्यात हात आखडता घे. आपली माणसं रागावतील. रागावू देत.

निष्ठेच्या मापाने कला मोजायची सवय सत्तेला लागली की काय होतं, ते १९७६मध्ये दिसलं. सरकारी प्रचाराला साथ द्यायला किशोरकुमारने नकार दिला, म्हणून त्याची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद केली. गाणी तीच, गळा तोच. आपल्या हातात तर फक्त पेन्सिल असते, पण खोड तीच.

गुण कापू नकोस म्हटलं, त्याला एक अपवाद मी करतो. नाटकच कुणा समाजावर हात उचलायला सांगत असेल, तर तो मजकूर संहितेतच आहे, आणि त्याचा हिशेब तिथेच झाला पाहिजे. नेत्याची टिंगल त्यात मोडत नाही.

तेव्हा पडदा पडल्याबरोबर, सहपरीक्षकांशी बोलायच्या आधी, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांचे आकडे मांडून टाक. निकालानंतर ती पोरं भेटायला येतीलच. दुसऱ्या प्रवेशात एन्ट्री उशिरा का झाली, ते आधी सांग. नेत्यावरून भांडायचं असेल तर नंतर चहाला ने त्यांना, आणि पैसे तू दे.

तुझा,
काका