म्हाळाची तिथी आणि मृत्यूची तारीख

ब्रिस्टलच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. चार पानांत चार काळज्या. त्यातल्या एकीवर मी मनसोक्त बोलणार आहे आणि बाकीच्या तीन शेवटी घाईत उरकणार आहे. राग मानू नये, माझा हा जुना आजार आहे.

त्या लिहितात: "पणजोबा मराठा पलटणीत होते, 1944 मध्ये इटलीत कामी आले. घरी पितृपक्षात चतुर्दशीला त्यांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, असतो. त्यावरून मी सप्टेंबरची तारीख काढली. त्या तारखेच्या मयतांत ते नाहीत. इटलीतल्या सैनिकी दफनभूमींत त्यांची कबरही सापडत नाही. ईस्टरची रोमची तिकिटं काढून बसलोय. मुलांना काय दाखवू?"

ताई, तिकिटं काढायच्या आधी एकदा घरच्या कालनिर्णयात पितृपक्षाचं पान उघडून बघितलं असतंत तर? चतुर्दशीच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. लढाईत, अपघातात, घातपातात गेलेल्यांचा म्हाळ त्या दिवशी असतो, मग ते गेले असोत आषाढात नाहीतर माघात. चतुर्दशी तुम्हाला पणजोबा कसे गेले ते सांगते. कधी गेले ते सांगतच नाही. तुम्ही तिला तारीख समजलात आणि एका चुकीच्या दिवसाच्या यादीत महिनोन्‌महिने डोकं घातलंत.

हसत नाहीये मी तुम्हाला. आमच्या घरात याहून मोठा घोळ झालाय. आमच्या आजेसासूबाईंचा म्हाळ नवमीला. यजमानांनी आणि दिरांनी त्यावरून वर्ष-तारीख जुळवली आणि गावाकडच्या नगरपालिकेत स्मशानाचं रजिस्टर काढायला दोन सुट्ट्या घालवल्या. तिथल्या कारकुनाने आधी 'उद्या या', मग 'वाळवी लागली', असं करत तिसऱ्या दिवशी रजिस्टर दाखवलं, तर त्यात त्या नाहीतच. शेवटी आमच्या माईआत्या म्हणाल्या, "अरे, ती सवाष्ण गेली ना! अविधवा नवमी ती. गेली तर श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मी झोका बांधत होते." श्रावणाची पानं उलटली आणि दहा मिनिटांत नोंद मिळाली, तीही आजेसासऱ्यांच्या नावापुढे 'यांची पत्नी' म्हणून. बाईचं स्वतःचं नाव लिहायची तसदी कोणी घेतली नव्हती.

तेव्हापासून कोणी घरच्या तिथीवरून तारीख काढली म्हटलं की मी एकच विचारते, "तिथी कशावरून धरली?" द्वादशी असेल तर ते संन्यास घेतलेले असू शकतात. सर्वपित्री अमावस्या असेल तर बहुतेक तिथीच कुणाला आठवत नव्हती. म्हाळाची तिथी खरी मृत्यूतिथी असली, तरी ती फक्त तिथी असते, त्यात महिनाही नाही आणि पक्षही नाही. ते दोन्ही मिळतात दरसालच्या श्राद्धातून. तुमच्या घरी पणजोबांचं ते वेगळं होत असे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

आणि होत असेल, तरी लगेच नाचू नका. परदेशात गेलेल्या माणसाची तिथी कळायची कुणाला? आमचे गुरुजी सांगत, अशा वेळी वार्ता कानावर आली तो दिवस धरतात, किंवा माणूस घरातून निघाला तो. म्हणजे तुमच्या घरची तिथी कदाचित तार आली त्या दिवसाची असेल. लढाईच्या धामधुमीत इटलीतून कोकणात तार यायला किती दिवस गेले असतील याचा हिशोब तुम्हीच करा. एक गंमत सांगते. घरातलं कोणी गयेला किंवा हरिद्वारला जाऊन पंड्यांच्या वहीत लेख करून आलं असेल, तर तिथल्या वद्य पक्षाचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण. माझ्या सख्ख्या भावाने या एका फरकापायी महिनाभर चुकीच्या पानांत शोध घेतला, आणि तो चार्टर्ड अकाउंटंट आहे.

आता कबरीचं. ताई, पणजोबा हिंदू होते. त्यांची कबर तुम्हाला का सापडावी? ज्यांना दहन मिळालं, त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, दहनस्मारकांवर कोरली. इटलीत फोर्लीला असं एक आहे आणि सांग्रो नदीच्या दफनभूमीत दुसरं, तिथे 500 हून जास्त नावं आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही किंवा जागा कळली नाही, अशा 4000 हून अधिक जणांची नावं कसिनो गावच्या स्मारकावर आहेत. आपले व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांचंही नाव कसिनोलाच आहे.

कमिशनच्या संकेतस्थळावर शोधताना तारीख पूर्ण रिकामी ठेवा. फक्त वर्ष टाका, 1944 आणि मग 1945 सुद्धा, कारण घरातली वर्षंही हलतात. पलटणीचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकू नका. तेव्हा इंग्रजीत 'मराठा' लिहिताना 'ए'नंतर 'एच' आणि पुढे दोन 'टी' लिहीत. आडनावाने नाही सापडलं तर नावाने शोधा, कधीकधी दोन्ही एकाच रकान्यात असतात. जाधवांचे जादव झालेले असतात आणि मोऱ्यांचे मोरी. सापडलेल्या नोंदीत बापाचं नाव, गाव, बायकोचं नाव असेल तर तिथेच खातरजमा होईल. आणि 'मराठा पलटण' हे घरचं बोलणं असू शकतं. आमच्या गावात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, गेलेल्यालाही पलटणीतलाच म्हणत.

एवढं करूनही जमलं नाही, तर तुमच्या पणजीची पेन्शन कधीपासून सुरू झाली ते बघा. तो कागद ट्रंकेत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाहीतर बेळगावला रेजिमेंटच्या केंद्रात अर्ज करा. अर्जात पणजोबांचा शिपाई नंबर असला तर उत्तराची आशा, नसला तर वाट बघायची तयारी.

तिकिटांचं म्हणाल, तर रोमहून कसिनो खाली दक्षिणेला आणि फोर्ली वर बोलोन्याच्या बाजूला. नाव कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढची गाडी ठरवू नका. काहीच कळलं नाही तर उम्ब्रियात मोंटोनेला जा. घाडग्यांच्या स्मरणार्थ जुलै 2023 मध्ये तिथे सूर्यघड्याळ उभारलंय, मुलांना ते आवडेल.

उरलेल्या तीन. पणजीची गावातली मृत्यूनोंद हवी तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जुनी पानं मोडीत असतील, वाचणारा सोबत न्या. नाहीच मिळाली तर नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्या, पुढच्या अर्जाला लागतो. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीचा विधी करावा का, याबद्दल मी बोलणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. तीन दिवस लागतात एवढं सांगते. आणि मुलगा मराठीत उत्तर देत नाही म्हणता, तर तो बारा वर्षांचा आहे, कुठल्याच भाषेत देत नसेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंयत, "महाडला आत्याआजी आहेत, 86 वर्षांच्या, पण त्यांना कशाला त्रास." ताई, ज्यांच्या वडिलांना तुम्ही सहा महिने शोधताय, त्या लेकीला तुम्ही अजून फोनच केलेला नाही! उद्या सकाळी कामावर जायच्या आधी करा, तिकडे जेवणं झालेली असतील. आधी गुडघ्यांचं विचारा. मग विचारा, तार आली तेव्हा शेतात काय चाललं होतं, पेरणी, लावणी की कापणी. त्यांना कळत नव्हतं, पण त्यांच्या आईने ते दहादा सांगितलेलं असणार.