विचारा, गुरुजी : नांगरवालो खंय गेलो?

मागच्या अंकात राजापूर लोकसभा मतदारसंघाचा जाता जाता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. मी प्राथमिक शिक्षक होतो, मालवण तालुक्यात. मास्तरकी एका बाजूला आणि निवडणुकीची ड्युटी दुसऱ्या बाजूला, यात नोकरी सरली. म्हणून चार पत्रांना जमेल तशी उत्तरं देतो.

प्रश्न : गणपतीत गावी आरती आटपल्यावर पडवीत पैज लागली. चुलते म्हणतात, राजापूरने काँग्रेसचा खासदार दिल्लीला कधी पाठवलाच नाही. मी म्हणालो, पाठवलाय. कोंबड्यावर पैज आहे. खरं काय?
— एक चाकरमानी, लालबाग (मूळ देवगड तालुका)

कोंबडा तुमचा. १९९१ साली काँग्रेसचे सुधीर सावंत राजापुरातून निवडून आले. पण काकांना एक तंगडी द्या, कारण त्यांचं बरचसं बरोबर आहे. १९५७ ते २००४ या काळात राजापूरने तेरा निवडणुका पाहिल्या. त्यातल्या बारा काँग्रेसच्या विरोधात गेल्या. तीन वेळा बॅ. नाथ पै, पाच वेळा मधू दंडवते, चार वेळा सुरेश प्रभू. मधला एक काय तो सावंतांचा.

खरी मजा कधी झाली ते बघा. १९६२ ला महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या, उरलेल्या तिघांत आमचे नाथ पै. १९७१ ला इंदिराबाईंची लाट, ४५ पैकी ४२ काँग्रेसला, आणि राजापुरात दंडवते. १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर ४८ पैकी ४३ काँग्रेसला. उरलेल्या पाचांत बारामतीचे शरद पवार, मुंबईचे डॉ. दत्ता सामंत, कुलाब्याचे दि. बा. पाटील होते, आणि पुन्हा दंडवते होतेच. समुद्राकाठी राहतो आम्ही. लाट दिसली की कमरेएवढ्या पाण्यात पाय रोवून उभं राहायचं, हे पोरवयातच शिकतो.

माझ्या आजीने १९५७ चं मत कसं दिलं ते ती रंगवून सांगायची. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आणि आपला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी होती. "झोपडी बघलंय नि कागद टाकलंय," एवढंच तिचं राजकारण. नाथ पै वेंगुर्ल्याचे, म्हणजे घरचेच. १९६७ ला शाळेच्या पटांगणावर त्यांची सभा झाली तेव्हा मी बारा वर्षांचा. भाषणातलं काय कळलं देव जाणे, पण गॅसबत्तीची सूंऽऽ आणि तिच्याभोवती जमलेले किडे अजून डोळ्यांपुढे आहेत. सभा संपली तरी माणसं उठेनात, बत्तीवाल्याने बत्ती उतरवली तेव्हा उठली.

प्रश्न : नाथ पै यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत दंडवते प्रथम खासदार झाले, असं आमच्या नोट्समध्ये आहे. बरोबर ना?
— विद्यार्थिनी, कुडाळ

नाही. नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात. पण त्याआधीच, डिसेंबर १९७० च्या अखेरीस, लोकसभा विसर्जित झाली होती. जागा रिकामी व्हायला मुळात लोकसभाच नव्हती. दंडवते आले ते मार्च १९७१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. नोट्स कोणाच्या आहेत ते विचारत नाही.

प्रश्न : कोकण रेल्वे दंडवत्यांमुळे आली असं तुम्ही लोक म्हणता. मग १९९१ ला त्यांना पाडलंत कसं? कोकणी माणूस कृतघ्न म्हणायचा का?
— सेवानिवृत्त एसटी वाहक, कणकवली

वाहकसाहेब, तिकीट जरा जोरातच पंच केलंत.

आधी हे बघा, दंडवते आमच्या मातीतले नव्हेत. जन्म अहमदनगरचा, म्हणजे घाटावरचे. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. असा माणूस कोकणात पाच वेळा निवडून येतो, ही गोष्ट कृतघ्नतेची नाही. शिवाय चिन्ह दर खेपेला तेच नव्हतं. १९७१ ला झोपडी. १९७७ ला जनता पक्ष, चक्रातला नांगरधारी शेतकरी. १९८९ ला जनता दल, तेव्हा नांगर आणि शेतकरी दोन्ही गेले, नुसतं चक्र राहिलं.

त्या १९८९ च्या नोव्हेंबरात माझी ड्युटी खाडीपलीकडच्या केंद्रावर होती. आदल्या दिवशी होडीतून पेट्या नेल्या. कोतवालाने पेटी मांडीवर घेतली होती, डुलकी लागली तरी हात सुटला नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक म्हातारी आली. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका उघडली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "गुरुजी, नांगरवालो खंय गेलो?"

आता मी काय सांगणार? मतदान अधिकाऱ्याने चिन्हाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाकावर बसलेले तीन पोलिंग एजंट माझ्या तोंडाकडे बघतायत. एकाला ऐन वेळी खोकला झाला. मी म्हणालो, "आजये, कागदार असा ता बघ आणि होया थंय शिक्को मार." ती म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, म्हणान इचारलंय." आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा कागद असा घडी घालून आणला होता, जसा आम्ही प्रसादाचा पुडा बांधतो. तिने काय केलं ते पेटीलाच ठाऊक. दंडवते मात्र निवडून आले आणि व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री झाले.

आता रेल्वेचं. १९७७ ते ७९ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला तो त्यांच्याच काळात. देशभरातल्या गरिबाची पाठ सुखावली आणि त्यांचा स्वतःचा मतदार मुंबईहून तुमच्या एसटीत रात्रभर आपटत येत होता, कारण त्याच्या गावाला रूळच नव्हते! कोकण रेल्वे महामंडळ झालं १९९० च्या जुलैत. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, योग जुळला. पण १९९१ ला मत द्यायला गेलेल्या माणसाने पाहिलं काय होतं? शेतात ठोकलेल्या खुंट्या. पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. न धावलेल्या गाडीला मत कोण देतं?

दुसरं म्हणजे शिवसेना. आमच्याकडच्या एकेका घरातला निदान एकजण तेव्हा गिरणगावात असायचा, तिथला वारा पत्रातून, मनीऑर्डरीतून आणि मे महिन्याच्या सुट्टीतून गावात यायचाच. १९९० ला मालवणातून नारायण राणे शिवसेनेचे आमदार झाले तेव्हाच कळायला हवं होतं की काँग्रेसला नको म्हणणारं मत आता एकट्या समाजवाद्यांचं राहिलेलं नाही. माझ्या मते १९९१ ला दंडवत्यांना काँग्रेसपेक्षा या फाटाफुटीने जास्त पाडलं. लगेच १९९६ ला धनुष्यबाणावर सुरेश प्रभू आले, ते २००९ पर्यंत हलले नाहीत. गंमत म्हणजे तेही पुढे २०१४ ला रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेतून.

प्रश्न : आमचा राजापूर मतदारसंघ गेला कुठे? नकाशात सापडत नाही. आणि फुलीच्या शिक्क्याला वाकडे पाय का असत, तेही सांगा.
— जुन्या वस्तू जमवणारा, राजापूर

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ मोडले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, दापोली-गुहागर रायगडला गेले. राजापूर हे नाव आता विधानसभेपुरतं. नव्या मतदारसंघात २००९ ला काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत. २०२४ ला भाजपचे नारायण राणे राऊतांपेक्षा ४७,८५८ मतं जास्त घेऊन आले. कमळ विरुद्ध मशाल. धनुष्यबाण यंत्रावर नव्हताच.

आता शिक्का. फुलीच्या चारही टोकांना एकाच दिशेला वळलेले बाण असत. मतदार शाई वाळायच्या आत कागदाची घडी घाली आणि दुसऱ्या चिन्हावरही ठसा उमटे. पण उमटलेल्या ठशाचे बाण उलटे वळलेले दिसत, त्यामुळे खरा कोणता ते ओळखता येई आणि मत बाद होत नसे. एकदा मोजणीत अशाच एका कागदावरून दोन एजंट हमरीतुमरीवर आले. पन्नासचा गठ्ठा तसाच अडकून पडला. शेवटी आमच्यातल्या एका हौशी मास्तराने खिशातून कंगव्याबरोबरचा छोटा आरसा काढला आणि कागदापुढे धरला. दोघांनी वाकून बघितलं. एकाने मुकाट्याने चहा मागवला.