पाणी शुद्ध करणारी राखीव तुकडी

आखाती युद्धाच्या इतिहासात अमेरिकेच्या १४व्या क्वार्टरमास्टर डिटॅचमेंटचा उल्लेख येतो. ही लढाऊ तुकडी होती का?

नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गची ही आर्मी रिझर्व्हची लहानशी तुकडी. युद्धावर गेले ते जेमतेम ६९ जण. काम पाणी शुद्ध करण्याचं: खारं किंवा गढूळ पाणी जोरदार दाबाने बारीक पडद्यातून ढकलायचं आणि पिण्याजोगं करून फौजेला पुरवायचं. वाळवंटात दारूगोळ्याआधी पाणी लागतं, म्हणून या कामाला दुय्यम म्हणणं मला पटत नाही.

मग ते राखीव सैनिकांवर का सोपवलं?

व्हिएतनाम युद्धानंतर, १९७३च्या सुमारास, अमेरिकेने ‘टोटल फोर्स’ धोरण स्वीकारलं. रसद, वाहतूक, पाणी यांचा मोठा भार राखीव दलांकडे गेला. त्यामुळे मोठं युद्ध म्हटलं की नोकरी-शिक्षण सांभाळून महिन्यातला एक शनिवार-रविवार सराव करणाऱ्यांनाही बोलावणं येणारच.

२५ फेब्रुवारी १९९१ला काय घडलं?

जानेवारीच्या मध्यावर तुकडीला बोलावणं आलं. व्हर्जिनियात फोर्ट ली इथे महिनाभर तयारी झाली आणि १९ फेब्रुवारीला ती सौदी अरेबियात उतरली. मुक्काम धाहरानजवळ, गोदामाच्या केलेल्या बराकीत. सहाच दिवसांनी, रात्री साडेआठनंतर, इराकचं स्कड क्षेपणास्त्र नेमकं तिथेच कोसळलं. २८ सैनिक गेले, त्यातले १३ या तुकडीचे. तिचेच आणखी ४३ जखमी झाले. म्हणजे ६९पैकी ५६! सीमेपासून इतक्या मागे असलेल्या, पाणी पुरवायला आलेल्या माणसांची ही हानी आहे.

तिथे पॅट्रियट ही शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकी यंत्रणा असताना स्कड अडवलं का गेलं नाही?

घड्याळामुळे. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची, आणि संगणकाच्या बायनरी पद्धतीत एक-दशांश तंतोतंत लिहिता येत नाही. दर मोजणीला नगण्य चूक राहते, पण यंत्रणा बंद न करता चालवली की ती साठत जाते. त्या रात्री ती १००हून अधिक तास सलग चालू होती. साठलेला फरक सुमारे ०.३४ सेकंदाचा. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं! रडारने भलतीकडे पाहिलं, पॅट्रियट सुटलंच नाही. या दोषाची सूचना इस्रायलकडून आधीच आली होती, शिवाय यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती तर चूक शून्यावर आली असती. ‘वेळोवेळी पुन्हा सुरू करा’ हा स्पष्ट आदेश तिथवर पोहोचायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला आलं २६ फेब्रुवारीला.

स्मारक आहे का?

आहे, ग्रीन्सबर्गमध्येच.